लाईन पिशवीत होती

"लाईन कधी येणार ओ, अक्का?"

म्हातारा सायकल ढकलत आला होता. हँडलला दोन्ही बाजूंनी रिकाम्या घागरी. सकाळपासून हुलगेवाडीतल्या प्रत्येकानं मला हेच विचारलं होतं, आणि मी जीव नकोसा होईपर्यंत उत्तरं दिली होती.

"वाटेत हाय, आजोबा. निघालीय तिकडनं."

म्हातारा मान डोलावून गेला. खांबाच्या बुडाशी बसून कमरेचा पट्टा आवळणारे इरण्णा बिराजदार हसायला लागले. आमच्या सेक्शनमधले सगळ्यात जुने लाईनमन. मी त्यांना अण्णा म्हणायची, ते मला अक्का.

"वाटेत हाय म्हणं. एसटी हाय काय ती?"

"मग काय सांगू? तुम्ही चढा लवकर, म्हणजे मला खोटं बोलायला नको."

"चढतो की. आधी माझी लाईन तर सरळ करू दे." म्हणजे कंबर. अण्णांची कंबर धरली की ते म्हणायचे, मधली लाईन ट्रिप मारतीया.

मी नोकरीला लागले त्याचं ते दुसरं वर्ष. ऑर्डरवर तंत्रज्ञ असं छापलेलं, पण गावोगाव मला लाईनमनबाई म्हणायचे. काहीजण नुसतं बघायला यायचे, बाई खांबावर चढते म्हणजे कशी चढते. आईचं तर रोजचं रडगाणं, "ही लाईन बायकांची न्हवं गं. तुझ्या मावशीची पोरगी नर्सिंगच्या लाईनला गेली, सावलीत बसून पगार घेती." मी तिला म्हणायची, नर्सला बसायला कोण देतं, तू दवाखान्यात जाऊन बघ एकदा. पण ऐकेल तर ती आई कसली.

अण्णांना लाईन या शब्दाचं भारी कौतुक होतं. त्यांच्या मते इंग्रजानं जाताना सगळं नेलं, तेवढा एक शब्द विसरून गेला आणि आपल्या लोकांनी तो वाटून घेतला. रेशनच्या दुकानापुढं उभं राहिलं की लाईन. गवंड्याच्या हातात लाईनदोरी. पोरगं सुधारलं की लाईनीवर आलं. साहेबाशी ओळख असली की त्याची वर लाईन आहे. आणि तारेतनं जे वाहतं, जे कुणाला दिसत नाही आणि ज्याच्यावाचून कुणाचं पान हलत नाही, तेही लाईनच. त्याला वीज कुणी म्हणायचं नाही. वीज आभाळात. खांबावर लाईन.

एकदा एका गावात मी खांबावर असताना खाली दोन पोरं शिट्ट्या मारायला लागली. अण्णा शांतपणे त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "बाळांनो, लाईनमनवर लाईन मारताय व्हय? वरनं पाना पडला तर टाळकी फुटतील." पोरं पळाली. मी वर हसून हसून पट्ट्यात लोंबकळले होते.

त्या दिवशी मात्र अण्णांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आदल्या संध्याकाळी वादळानं आमच्या भागाची पार दैना केली होती. हुलगेवाडीत लिंबाची फांदी पडून तारा जोडणारा तुकडा तुटला होता, त्याला आम्ही जंप म्हणतो. काम तसं लहान. पण अण्णांच्या डोक्यात घर होतं. त्यांचा सिद्धू बारावी झाला होता, आणि त्याच सकाळी त्यानं बापाला सांगितलं होतं, मीपण तुमच्यासारखा आयटीआय करतो.

"मग करू दे की," मी म्हटलं. "तुमच्या हाताखाली शिकंल."

अण्णांनी पट्टा तसाच धरून ठेवला. "अक्का, त्यानं हॉटेलच्या लाईनला जावं. दुकानाच्या लाईनला जावं. मी जमीन इकतो. पण ह्या लाईनला न्हाई. ह्या लाईनला माणूस सकाळी डबा घिऊन जातो आणि बायको दिवसभर आवाज ऐकती, कुणाची गाडी आली."

"मला बरं घेतलंत शिकवायला."

"तू आईचं ऐकलं न्हाईस, माझं काय ऐकणार हुतीस?" ते उठले. "चल. लाईन काढू."

रस्त्याच्या कडेला डीपी होता, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर. त्याच्या पेटीतून चिनीमातीचे तीन फ्यूज ओढून काढले की आळीच्या सगळ्या तारा मेल्या. ते अण्णांनी काढले, आणि नेहमीसारखे माझ्या हातात दिले.

"घे. लाईन तुझ्याकडं."

"माझ्याकडं," मी म्हटलं आणि ते खांद्याच्या पिशवीत टाकले.

ही अण्णांची रीत. ती कुठल्या पुस्तकात नव्हती, त्यांनी कुणाकडून घेतली तेही मला माहीत नाही. वर चढणाऱ्यानं फ्यूज खालच्याच्या हातात द्यायचे, आणि खालच्यानं तोंडानं म्हणायचं, माझ्याकडं. मग ते पिशवीतून बाहेर काढायचे नाहीत. पिशवी खांद्यावरून उतरवायची नाही, चहा प्यायलासुद्धा नाही. साहेबानं मागितले तरी द्यायचे नाहीत. वरच्यानंच वरून ओरडून मागितले तरी नाहीत. तो खाली उतरणार, दोन्ही पाय जमिनीला टेकवणार आणि म्हणणार, दे लाईन. तेव्हाच. पहिल्या दिवशी मला सांगितलं होतं, "खांबावर मी असतो, पण माझा जीव तुझ्या पिशवीत असतो. इसरू नको." मी कधी विसरले नाही. पावसात, उन्हात, कुत्रं मागं लागलं तरी माझा एक हात पिशवीवर असायचा.

"अण्णा, साखळी?" मी विचारलं.

तारांवर साखळी टाकून त्या जमिनीला बांधल्या, की कुठून चुकून वीज आली तरी वरच्याला धोका नसतो. आमच्या सेक्शनला साखळी एकच. ती सकाळीच जीपमधून दुसऱ्या गावाला गेली होती.

"साखळी आज काय येत न्हाई. तिकडं खांबच पडलेत."

"मग थांबू की. दुपारनं येईल."

अण्णांनी आळीकडं बोट केलं. तिसऱ्या घरापुढं मांडव घातला होता. वादळानं फाटलेला कपडा बायका सुईदोऱ्यानं शिवत बसल्या होत्या. "पोरीची हळद हाय आज. टाकीत पाणी न्हाई, गिरणी बंद, पाव्हणं आल्यात. किती थांबू? लाईन तर तुझ्याकडं हाय."

तरी त्यांनी आळीतून फेरी मारली. दर घरापुढं थांबून एकच सांगत होते, "इन्व्हर्टर, जनरेटर काय असलं तर मेन स्विच पाडा रं. न्हाईतर तुमची लाईन उलटी येऊन माझ्या अंगात शिरंल." मांडवाच्या घरातून तातोबा बाहेर आले. नवरीचा बाप. दाढी वाढलेली, शर्टला हळदीचे डाग, आणि चेहऱ्यावर मुलीच्या बापाची ती लाचारी.

"आमच्याकडं कुठला जनरेटर, अण्णा? सगळी भिस्त तुमच्यावर. जेवल्याबिगर जायचं न्हाई बघा दोघांनी."

ते खरं बोलत होते. तेव्हा त्यांच्याकडं जनरेटर नव्हता.

अण्णा चढले. मी डीपी आणि खांब यांच्यामध्ये अशी उभी राहिले, की दोन्ही डोळ्यांपुढं राहतील. आमच्या कामात खालच्या माणसाला खरी भीती गावाचीच असते. उशीर झाला की कुणीतरी शहाणा वायरीचा तुकडा घेऊन येतो आणि फ्यूजच्या जागी स्वतःच खुपसतो. वर माणूस आहे हे त्याला माहीत नसतं, किंवा माहीत असून त्याला वाटतं, झालं असेल एव्हाना.

आणि आलाच एक. शर्टाची बटणं उघडी, खिशातून तांब्याची तार लोंबतेय. पेटीचं दार उघडायला लागला.

"हात लावू नको," मी म्हटलं.

"तार तेवढी टाकतो. तुमचं काय जातंय?"

"वर माणूस हाय."

त्यानं वर बघितलं. "तो त्या खांबावर हाय. आपली लाईन इकडची."

"सगळी एकच लाईन हाय. मागं हो."

"बाई, तू मला शिकवू नको. गावात धा वेळा टाकलीय मी."

मी पिशवी घट्ट धरली आणि त्याच्या आणि पेटीच्या मध्ये जाऊन उभी राहिले. "टाक मग. आधी मला बाजूला कर. हात लाव मला, मग बघते तुझी लाईन."

तो काहीतरी पुटपुटत गेला. वरून अण्णांचा आवाज आला, "शाब्बास, अक्का. ह्याला म्हणत्यात लाईन न देणं."

मी हसले. मांडवातून तातोबांच्या बायकोनं लिंबूसरबत पाठवलं, ते एका हातानं प्यायले. वर अण्णांनी हातमोजे काढून पट्ट्यात खोचले होते. ते जाड रबरी मोजे घालून बारका नट धरता येत नाही, आणि तार तर मेलेली होती. त्यांनी ती आधी टेस्ट-लॅम्पनं बघितली होती, मग हाताच्या पालथ्या बाजूनं. मला तोंडानं सांगितलं, "गार हाय."

जंप जवळजवळ बसला होता. एक नट राहिला होता.

तेवढ्यात आळीत पोरांचा गिल्ला झाला.

"आली रे आली, लाईन आली!"

मला वाटलं, चेष्टा करतात. गावातली पोरं कंटाळली की असं ओरडतात आणि बायका खुळ्यासारख्या बटणं दाबायला धावतात. माझा हात आपोआप पिशवीत गेला. तिन्ही फ्यूज होते. मी ते बोटांनी चाचपले, एकेक करून, आणि समोरच्या घरात बघितलं. दार उघडं होतं. आत पंखा फिरत होता.

"अण्णा, हात काढा," मी ओरडले. "अण्णा."

ते पट्ट्यात जरा मागं रेलले होते, नेहमी रेलतात तसे. दोन्ही हात तारेवर. खाली बघत नव्हते.

मी धावले. पेटीकडं नाही, पेटी रिकामी होती, लाईन माझ्या पिशवीत होती. आळीत धावले. "बंद करा. कुणी चालू केलंय, बंद करा." दारादारांत माणसं आली. त्यांना कळेना काय बंद करायचं. एक बाई मिक्सरचं भांडं हातात धरून म्हणाली, "आत्ता तर आलीय, राहू दे की जरा. वाटण राहिलंय." मी तिला ढकललं. कुठून आली, कुठून येतेय, मला समजेना. मग मांडवाच्या मागून धडधड ऐकू आली. इतका वेळ मांडवातल्या गाण्यांत ती कुणाला ऐकूच आली नव्हती.

मी घरात घुसले. नवरी पाटावर बसलेली, तोंडाला हळद, डोक्यावर पंखा. सगळ्यांनी माझ्या पायातल्या बुटांकडं बघितलं. मागच्या दारातून गोठ्यात गेले. तिथं टेम्पोतून आणलेला जनरेटर चालू होता, आणि त्याची वायर सरळ भिंतीतल्या प्लगमध्ये खुपसलेली. मी ती ओढून काढली.

घरातला पंखा मंद झाला. मांडवातून आवाज आला, "गेली की रं परत."

आम्ही अण्णांना खाली घेतलं तेव्हा त्यांचे पाय जमिनीला लागले, पण ते काही बोलले नाहीत. मी छाती दाबली. शिकवलं होतं तसं दाबत राहिले. कुणीतरी मला धरून बाजूला केलं तेव्हा माझ्या हातांत जोर उरला नव्हता.

मग साहेब आले, पोलीस आले, पंचनामा झाला. साहेब म्हणजे आमचे इंजिनिअर, नवीनच पास होऊन आलेले, त्यांचाही चेहरा पांढरा पडला होता. हवालदारानं तातोबांना पुढं उभं केलं.

"जनरेटर कुणी आणला?"

"जावयानं. थोरल्या." तातोबांनी मांडवाकडं बोट केलं. "त्याला वाटलं, पोरीची हळद अंधारात नको. तालुक्याहून घिऊन आला. आमाला सांगितलं न्हाई, म्हणला एकदम लावून दाखवू."

जावई तिथंच मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. पांढरी टोपी, नवा शर्ट. रडत होता.

"मग मेन का पाडला नाही?" साहेबांनी विचारलं. "जनरेटर लावताना मेन पाडायचा, हे कळत नाही? घरातली वीज मेनमधून उलटी खांबावर गेली. सगळ्या आळीत गेली."

जावई साहेबांकडं बघत राहिला. त्याला खरंच प्रश्न समजला नव्हता.

"मेन पाडला तर," तो म्हणाला, "लाईन आलेली कळणार कशी, साहेब?"

आजूबाजूला उभ्या असलेल्या माणसांपैकी दोघांतिघांनी माना हलवल्या, बरोबर आहे म्हणून. तिथं सगळे असंच करत. डिझेल महाग. लाईन आली की लगेच जनरेटर बंद करायचा, म्हणून मेन चालू ठेवायचा आणि एका बल्बकडं लक्ष ठेवायचं. सगळं आयुष्य त्या माणसावर चिडण्यात घालवायला मी तयार होते, आणि त्याच्या तोंडाकडं बघून मला चिडताही येईना. तो लाईनची वाट बघत होता. आम्ही ती आणत होतो.

साहेब माझ्याकडं वळले. "सुवर्णा, ते फ्यूज दे इकडं. पंचनाम्याला लागतील."

मी पिशवीवर हात ठेवला. "न्हाई."

"अगं, दे. काम संपलं आता."

"अण्णा मागतील तेव्हा देईन."

साहेबांनी हवालदाराकडं बघितलं, हवालदारानं अण्णांवर घातलेल्या चादरीकडं. मला कळत होतं मी काय बोलतेय. मला सगळं कळत होतं. पण त्यांनी मागितले नव्हते. दोन्ही पाय जमिनीला टेकून ते म्हणाले नव्हते, दे लाईन. मी अंगातलं सगळं बळ लावून पिशवी पोटाशी धरली आणि तिथंच धुळीत बसून मोठ्यानं रडले. शेवटी त्यांनी ते मागायचं सोडून दिलं.

दिवस मावळायच्या आत सिद्धू आला. कुणाच्या तरी गाडीवर मागं बसून. तो रडला नाही. बापाच्या पायांतले बूट काढले, त्यांच्यातली माती झाडली आणि काखेत धरून उभा राहिला. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुझं आम्ही बघतो," ते म्हणाले. चांगल्या मनानंच म्हणाले. "काळजी करू नको. तुला लाईनला लावतो."

सिद्धूनं मान हलवली. मी तोंड उघडलं, पण काय सांगणार होते? तुझ्या बापाला हे नको होतं म्हणून? घरात आई होती, पाठची बहीण होती. लावलाच त्यांनी त्याला लाईनला, वर्षाच्या आत. आता तो माझ्याहून भरभर चढतो. मी खाली उभी असते.

दुसऱ्या दिवशी लग्न होतं. मोडलं नाही, मोडायचं तरी कसं. वाजंत्री तेवढी बंद केली. साहेबांनी सगळ्यांना डीपीपाशी बोलावलं आणि म्हणाले, "टाकीत पाणी नाही. गावात बाळंतिणी आहेत. एक नट राहिलाय फक्त. कोण चढतं?"

सगळे जमिनीकडं बघायला लागले. मी पट्टा बांधला.

त्या दिवशी साखळी आली होती. एक सोडून दोन आल्या होत्या. त्या टाकल्या. दुसऱ्या सेक्शनहून आलेला लाईनमन खाली उभा होता, त्याचं नाव मला माहीत नव्हतं. मी पिशवी उतरवली आणि ती त्याच्या गळ्यात अडकवली.

"लाईन तुझ्याकडं."

"काय?" तो म्हणाला.

"काही नाही. धर नुसती."

वर अण्णांचा पाना होता तसाच दोरीला लोंबत होता. मी त्यानंच नट आवळला. अण्णांनी जंप इतका नीट बसवला होता, की मला फार काही करावं लागलं नाही. वरून मांडव दिसत होता. शिवलेला कपडा, त्याच्यावर आंब्याची पानं, आणि आळीभर माणसं माझ्याकडं वर तोंड करून उभी. कुणी शिट्टी मारली नाही. मी उतरले. दोन्ही पाय जमिनीला टेकवले.

"दे लाईन."

त्या लाईनमनला हे तरी कळलं. त्यानं पिशवी दिली. साखळ्या काढल्या आणि एकेक फ्यूज मी माझ्या हातानं पेटीत बसवला.

"आली रे आली, लाईन आली!"

तीच पोरं. तेवढीच मोठ्यानं. बायका आत धावल्या, टाकीची मोटर घुमायला लागली, गिरणी सुरू झाली. मी पेटीचं दार लावून तिथंच उभी राहिले. दोन्ही हात मी रिकाम्या पिशवीत घातले.

कालचा म्हातारा सायकल ढकलत आला. घागरी तशाच, दोन्हीकडं.

"आली म्हणायची एकदाची, अक्का."

"व्हय, आजोबा," मी म्हटलं. "आली."